सोळा तोंडांचा बडग्या

लकडगंजात आरा मशिनीच्या मागं बाबूलालची एक रिकामी शेड होती. पूर्वी तिथं सागाच्या बल्ल्या ठेवत. टिनं गळायला लागली तसा बाबूलालनं माल हलवला आणि शेड कबुतरांना देऊन टाकली. त्या कबुतरांना हुसकून चंद्रकला परातेनं तिथं मोहल्ल्यातली पोरं कशी आणून बसवली, ही हकीकत सगळ्या मोहल्ल्याला पाठ होती, कारण चंद्रकलानं ती प्रत्येकाला निदान एकदा तरी स्वतः सांगितली होती.

वस्ती विणकरांची. घरोघरचे हातमाग एकेक करून बंद पडले, घरं होती तेवढीच राहिली आणि पोरं मात्र उंच झाली. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा घरात बसला की कुणाच्या तरी पायात येतो, बाहेर बसला की कुणाच्या तरी डोळ्यात खुपतो. चंद्रकलाच्या ओट्यावर असं एक टोळकं रोज संध्याकाळी जमायचं, शिट्ट्या मारायचं, शेंगांची फोलपटं टाकायचं, आणि ती रोज त्यांना हाकलायची. एकदा ती पाण्याची बादलीच घेऊन बाहेर आली. टोळक्यातला विश्वनाथ हात जोडून म्हणाला, "काकू, हाकलता तं हाकला. पण जाऊ कुठी, तेवढं सांगून द्या. वरच्या गल्लीतले इकडं हाकलते, तुम्ही तिकडं हाकलता."

चंद्रकलानं भरलेली बादली तशीच आत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबूलालच्या गादीवर हजर.

"भाभी, वो शेड में साप निकलता है," बाबूलाल म्हणाला.

"मंग बरंच झालं. हे पोट्टे येऊन राहिले म्हटल्यावर साप आपणहूनच दुसरी जागा पाह्यन."

शेड मिळाली. गिरिधर नावाचा पोस्टातला बाबू आपणहून मदतीला आला. चाळिशीचा, बिनलग्नाचा, हार्मोनियम वाजवणारा आणि संध्याकाळी घरी जाऊन करायचं काय, हा पोरांसारखाच प्रश्न पडलेला. त्यानं शेडच्या दोन फळ्यांच्या दारावर तेलरंगानं नाव लिहिलं – 'सायंकालीन युवक विरंगुळा केंद्र'. अक्षर सुरेख होतं. फक्त संध्याकाळी दाराची एक फळी उघडली की उरलेल्या फळीवर नुसतं 'सायंकालीन युवक विरं' एवढंच दिसायचं. पोरांनी ते लगेच उचललं. "कुठी चालला बे?" "विरंवर." गिरिधर आठवडाभर रुसला होता. मग तोही विरं म्हणायला लागला.

विरंवर एक कॅरम होता, खरखर करणारा रेडिओ होता, भुशानं भरलेलं एक पोतं टांगलेलं होतं. ज्याला राग आला असेल त्यानं त्याला बुक्क्या मारायच्या. चंद्रकलाचा नवरा श्रावण मिलमधून येता येता बल्ब लावून गेला होता. नियम एकच. कुणाला 'काहून आला?' असं विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात गिरिधरनं सदाचारावर भाषण करायचा प्रयत्न केला, तेव्हा एकेक जण उठून पोत्याला बुक्की मारून यायला लागला. तो विषय तिथंच मिटला.

मुली मात्र येत नव्हत्या. मग एकदा विश्वनाथची धाकटी बहीण प्रेमलता त्याला जेवायला बोलवायला आली. दारात उभी राहून तिनं त्याचा डाव पाहिला, "राणी तिकडून घे ना, आंधळ्या," असं म्हणाली, आणि मग त्याला उठवून स्वतःच बसली. त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना हरवलं. गिरिधरला दोनदा. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणी घेऊन आली आणि विरंचा आवाजच बदलला. रेडिओ कुणाला ऐकू येईना, इतकं हसणं.

पंधरवडाभरातच गणपतराव चंद्रकलाच्या दाराशी आले. प्रेमलताचे वडील. एकेकाळचे नावाजलेले विणकर, आता एका कापड दुकानात मापारी. मोहल्ल्यात शब्दाला वजन असलेला माणूस.

"चंद्रकलाबाई, पोट्ट्यांचं ठीक आहे. पण पोरींचं काय काम तिथं? लोक काय म्हणतील?"

एवढं म्हणून ते गेले. चंद्रकला भांडणाला तयार होती, पण या वाक्याशी भांडायचं कसं, हे तिला कधी जमलंच नव्हतं. या वाक्यानं तिला सातवीतून घरी बसवलं होतं. याच वाक्यानं भावाच्या सायकलवरून उतरवलं होतं. मारबतीची मिरवणूक ती लहानपणापासून दरवर्षी पाहत आली होती, ती गच्चीवरूनच, खाली रस्त्यावर कधी नाही, तेही याच वाक्यामुळे. त्या संध्याकाळी विरंवर एकही मुलगी आली नाही, आणि चंद्रकलानं जाऊन भुशाच्या पोत्याला अशी बुक्की मारली की मनगट सुजलं.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, ईडापीडा नेणाऱ्या बायांचे दोन मोठाले पुतळे, निघतात आणि त्यांच्या मागं मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, कागद आणि चिंध्यांचा पुतळा. वर्षभर ज्या गोष्टीनं वैताग आणला तिचा बनवायचा, गावभर मिरवायचा, पोटभर शिव्या घालायच्या आणि शेवटी नेऊन जाळायचा. विरंच्या पोरांनी ठरवलं, यंदा आपलाही बडग्या. पण कशाचा? कुणी म्हणे मच्छरांचा, कुणी म्हणे रॉकेलच्या लाइनीचा, कुणी म्हणे गणिताच्या पेपरचा.

विश्वनाथ म्हणाला, "आमची प्रेमी म्हणते, 'लोक काय म्हणतील'चा बनवा."

मग असा गिल्ला झाला की टिनावरची उरलीसुरली कबुतरंही उडून गेली.

"पण लोक दिसते कसे?" कुणीतरी विचारलं.

यावर खूप डोकं चाललं. शेवटी गिरिधर म्हणाला, "तोंडं पुष्कळ. कान एकही नाही." पोरांनी त्याला उचलून घेतलं. त्याचा चष्मा पडला, तरी तो खाली उतरवा म्हणाला नाही.

सोळा तोंडं करायचं ठरलं, आणि प्रत्येक तोंड दोरी ओढली की उघडलं पाहिजे. कागद चिकटवायला घराघरातून खळ आली. धाग्याला लावायची ही पेज विणकरांच्या घरी कधी कमी पडत नसे. अंगावर चिंध्यांचा घेर, त्यात मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बायकांची जुनी लुगडी. तोंडं मात्र विश्वनाथ घरी नेई आणि प्रेमलता ती गच्चीवर बसून रंगवी. एकाचे ओठ पानानं लाल, एकाला सोन्याचा दात, एकावर झुपकेदार मिशी, एक बोळकं.

गणपतराव एकदा गच्चीवर आले. "काय करून राहिली वं?"

"तोंडं बनवून राहिली, बाबा."

"कोणाची?"

"लोकांची."

"हं," म्हणून ते खाली उतरले.

बडग्याच्या दिवशी सकाळी बाबूलालच्या फळ्या वाहायच्या हातगाडीवर पुतळा उभा केला. तो इतका उंच झाला होता की शेडच्या दाराची वरची पट्टी काढावी लागली. बाहेर येताच सगळा मोहल्ला गोळा झाला. बाबूलालनं पाहिलं आणि पोट धरून हसत चंद्रकलाच्या कानात म्हणाला, "भाभी, मान गये! हूबहू गणपतराव!"

थोड्या वेळानं गणपतराव आले. पुतळ्याला खालून वर न्याहाळलं, मिशीत हसले आणि हळूच म्हणाले, "बाबूलालचं तोंड बरोबर पकडलं पोट्ट्यांनी."

चंद्रकला दोघांनाही "हो ना," एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आरा मशिनीच्या मागं जाऊन हसून आली.

मिरवणुकीला निघणार तोच पावसाची एक सर आली. पाच-दहा मिनिटांची, पण तेवढी पुरे झाली. ओल्या कागदानं खळ सोडली, मानेची बांधणी सैल झाली आणि बडग्याचं डोकं हळूहळू पुढं झुकायला लागलं. सोळा तोंडं जमिनीकडे पाहू लागली.

"हा तं लाजून राहिला बे!" विश्वनाथ ओरडला.

आत काय सुटलंय ते पाहायला कुणीतरी शिरायला हवं होतं. आतली जागा अरुंद, बांबूंच्या कैचीतली, आणि त्या सगळ्यांत बुटकी चंद्रकला. तिनं पदर खोचला, गाडीवर चढली आणि लुगड्यांचा घेर उचलून आत शिरली. मधला बांबू हाताला लागला, तिनं तो सरळ केला, तसं वर डोकं ताठ उभं राहिलं.

"बस! हलू नका काकू!" बाहेरून एकच ओरडा झाला. ढोल वाजले आणि गाडी चालायला लागली.

"अरे, मले उतरू तं द्या!" चंद्रकला ओरडली. ढोलापुढं कोण ऐकतो!

"बसून घ्या, काकू," काळोखातून आवाज आला.

चंद्रकला दचकली. गुडघे पोटाशी घेऊन, सोळा दोऱ्या बोटांत अडकवून, आत प्रेमलता बसली होती.

"तू? बाबांनी नाही म्हटलं ना तुले!"

"बाबा म्हणाले, रस्त्यावर दिसू नको." प्रेमलताचे दात अंधारात चमकले. "गाडीवर उभा केला तेव्हाच आत शिरली. मी कुठी दिसून राहिली?"

चंद्रकलानं रागवायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते हसू. गाडी थांबवावी, पोरीला उतरवावी, हे तिला कळत होतं. पण हातातला बांबू सोडला तर डोकं पडणार आणि भर गर्दीत पोरीला उतरवायची तरी कुठं? संध्याकाळी आपणच गणपतरावांसमोर उभं राहायचं आणि काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. ठरवलं तसं तिला एकदम हलकं वाटलं.

आत ओल्या खळीचा आंबूस वास होता. लुगड्यांतून लाल, हिरवा, जांभळा उजेड पाझरत होता. गाडी खड्ड्यात गेली की दोघी एकमेकींवर आदळत आणि हसत. बाहेर कुठंतरी श्रावणचा आवाज आला, "गिरिधर, आमची मंडळी कुठी दिसत नाही गा?"

"आत आहे."

"आत म्हणजे घरात?"

"आत म्हणजे आत," गिरिधर म्हणाला. मग ढोलांच्या वरताण श्रावणचं ते गडगडाटी हसणं ऐकू आलं, जे चंद्रकलानं लग्नानंतर कधीतरीच ऐकलं होतं.

काळी आणि पिवळी समोरासमोर येतात त्या इतवारीतल्या चौकाकडे गर्दी दाटत गेली. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या उठत होत्या. सोळा तोंडांचा, बिनकानाचा बडग्या पाहून लोक ओरडले, "हा कोण होय बे?"

विश्वनाथनं भोंग्यात सांगितलं, "हे आहे 'लोक काय म्हणतील'!"

"अरे, मंग बोल ना! काय म्हणतील लोक?" गर्दीतून कुणीतरी पुतळ्याला विचारलं.

प्रेमलतानं एक दोरी ओढली आणि आतून खणखणीत आवाजात म्हणाली, "काई नाही म्हणत बाप्पा! मले भूक लागली!"

हशा असा उसळला की गाडीच हलली. बडग्या बोलतो, ही बातमी पुढं पळाली. दुसरी दोरी, तिसरी दोरी. चंद्रकलाला राहवेना. तिनं बांबू काखेत धरला आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून ओरडली, "पोरगी सायकलवर बसली तं लोक काय म्हणतील!"

"जाळा!" बाहेरून पोरं गरजली.

"मोठ्यानं हसली तं लोक काय म्हणतील!"

"जाळा!"

आणि मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. वरून, एका गच्चीवरून, बाईचा आवाज आला, "माहेरी दोन दिवस जास्त राह्यली तं लोक काय म्हणतील!" सगळा रस्ता म्हणाला, "जाळा!" दुसऱ्या गच्चीवरून आणखी एक म्हातारा, चिरका आवाज आला, "नवऱ्याच्या आधी जेवली तं लोक काय म्हणतील!" "जाळा!" मग दोन्ही बाजूंच्या गच्च्या पेटल्याच. बायका कठड्यावरून ओणवून ओरडत होत्या, ज्यांनी जन्मात नवऱ्याला हाक मारली नव्हती त्याही. पुरुषही मागं राहिले नाहीत. "पोरगा नापास झाला तं!" "जाळा!" "जावई घरी राह्यला तं!" "जाळा!" आत प्रेमलता दोऱ्या ओढून ओढून घामाघूम झाली होती आणि चंद्रकलाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

अशात अगदी गाडीला लागून, हाताच्या अंतरावर, एक आवाज आला. ओळखीचा, पण फाटलेला.

"माग विकला तं लोक काय म्हणतील!"

प्रेमलताचे हात थांबले. तिनं चंद्रकलाकडे पाहिलं. प्रेमलताच्या घरातला माग विकला गेला त्या दिवशी बाप एक शब्दही बोलला नव्हता. नंतरही कधी नाही.

"जाळा!" रस्ता गरजला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज प्रेमलताचा होता.

तळ्याकाठी पोचेपर्यंत दोघींचे घसे बसले. बाहेर पोरं नाचत होती, रॉकेलची बाटली फिरत होती आणि जोशात कुणाला काही भान राहिलं नव्हतं. चंद्रकला आतून घेर शोधत होती, पण ओली लुगडी बांबूंना अशी चिकटून बसली होती की वाटच सापडेना.

"अरे, थांबा बे!" बाहेर कुणीतरी पहाडी आवाजात ओरडलं. "आधी आतल्या दोघीले बाहेर येऊ द्या!"

घेर उचलला गेला. उजेडात डोळे मिचकावत चंद्रकला उतरली. तिच्या मागं, गालाला लाल रंग आणि केसांत खळ अशी प्रेमलता. समोर गणपतराव उभे. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, उजव्या हाताची सालटं निघालेली. एका अरुंद वळणावर गाडी भिंतीवर दाबली जात होती, तिथं ते मधे हात घालून उभे राहिले होते. सगळा वेळ ते गाडीला धरूनच चालत होते, हे विश्वनाथनं पाहिलं होतं, पण सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती.

"गणपतराव," चंद्रकला म्हणाली, "चूक माझी आहे. पोरीले काई बोलू नका. मी येणारच होती सांगायले."

गणपतरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते लेकीकडे पाहत होते. "'मले भूक लागली' म्हटलं, तेव्हाच ओळखलं," ते म्हणाले. "घरी रोज ऐकतो ना मी."

प्रेमलता चाचरत म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हटलं होतं दिसू नको. मी दिसून नव्हती राहिली."

गणपतरावांनी यावर खरोखरच विचार केला. "दिसून तं नव्हती राहिली," ते म्हणाले. "पण आयकू लय येऊन राहिली होती." मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "आता लोक काय म्ह–"

"जाळा!" सगळी पोरं एका दमात ओरडली.

गणपतराव चमकले. वर सोळा तोंडं आ वासून त्यांच्याकडे पाहत होती, आणि डोकं बांबूवरून घसरत घसरत त्यांच्याच अंगावर येत होतं. ते मागं सरले, चिखलात घसरून बसले आणि तिथंच बसल्या बसल्या हसायला लागले. सुरुवातीला खोकल्यासारखं, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत. खिशातली काडेपेटी काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली. "धर. तुनंच बनवला ना? तूच लाव."

कागद ओला होता. तीन काड्या विझल्या, गिरिधरनं छत्री धरली, श्रावणनं रॉकेल ओतलं, आणि मग मिशीवालं तोंड धडाडून पेटलं. बाबूलाल शेजारी येऊन समाधानानं म्हणाला, "गये गणपतराव." आणि मागं वळून पाहतो तो गणपतराव तिथंच उभे. त्यानंतर बाबूलालनं काय सारवासारव केली ती कुणालाच नीट ऐकू आली नाही.

पुढं प्रेमलता विरंवर यायला लागली आणि तिच्यामागं इतर मुलीही. दिवेलागणीला घरी परत, ही अट गणपतरावांनी घातली आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला स्वतः येऊन बसू लागले. त्याचा सगळ्यांना फार त्रास झाला, कारण ते कॅरम खेळताना एक सोंगटी मारायला चहा थंड होईपर्यंत नेम धरीत. पण ते नंतरचं.

त्या दुपारी राख निवली तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती आणि हातगाडी रिकामी होती. "बसा काकू," विश्वनाथ म्हणाला. चंद्रकला नको नको म्हणत बसली. शेजारी प्रेमलता बसली, चष्मा पुसत गिरिधर बसला, एका कडेला पाय सोडून श्रावणही बसला. पोरांनी गाडी ढकलायला सुरुवात केली, मग पळायला. रस्त्यात सांडलेला गुलाल चाकांनी उडत होता, ओट्यांवरच्या बायका हात हलवत होत्या, आणि उतार लागला तशी गाडी अशी सुटली की श्रावणची टोपी मागं राहिली.

"हळू रे! हळू! पडन ना मी!" चंद्रकला दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून किंचाळली.

पोरांनी मागं रेटून गाडी आवरली. चाकं कुरकुरली, वेग उतरला, सगळे धापा टाकत तिच्याकडे पाहू लागले.

चंद्रकलानं मागं वळून पाहिलं. "काहून हळू केलं बे?"